परदेशातील अमेरिकन आणि कॅनडियन प्रवासी : दोन लोकप्रतिमांची घडण

१

एखाद्या राष्ट्राचे लोक स्वदेशात कसे वागतात हे परक्यास क्वचितच ठाऊक असते. ते परदेशात कसे वागतात हे मात्र बंदरावरचा हमाल, खाणावळीचा मालक आणि देवळाच्या दारातील वाटाड्या यांपैकी कोणीही सांगू शकतो. त्यामुळे राष्ट्रस्वभावाविषयीच्या ठोकळेबाज कल्पनांत प्रवाशांवरून बांधलेल्या कल्पनांचा भरणा मोठा असतो. अशा कल्पनांपैकी उत्तर अमेरिकेतील दोन शेजारी राष्ट्रांसंबंधीची जोडी विशेष अभ्यसनीय आहे. संयुक्त संस्थानांतील प्रवासी मोठ्याने बोलणारा, पैशाचा तोरा मिरविणारा, यजमानाच्या भाषेविषयी व चालीरीतींविषयी बेफिकीर असा समजला जातो. कॅनडाचा प्रवासी मृदुभाषी, संकोची आणि नियम पाळणारा समजला जातो. कॅनडातील फ्रेंच भाषिक समाज वगळला तर दोघांच्या बोलण्यात, पोशाखात व खाण्यापिण्यात तिऱ्हाइताला सहज ओळखता येईल असा फरक फारसा नाही. तरीही एकाच्या वाट्यास दोष आणि दुसऱ्याच्या वाट्यास गुण अशी ही वाटणी झालेली आहे.

या वाटणीचे मूळ दोन राष्ट्रांच्या स्वभावभेदात शोधण्याची प्रथा आहे. क्रांतीतून जन्मलेले राष्ट्र उद्दाम आणि राजनिष्ठेतून जन्मलेले राष्ट्र विनयशील, अशी ती उपपत्ती होय. ती ऐकावयास नीटस वाटते. परंतु इतिहासाचा पुरावा निराळ्या दिशेस नेतो. प्रवाशाची प्रतिमा त्याच्या वर्तनापेक्षा पाहुणा आणि यजमान यांच्यामधील सत्ता, पैसा व संख्या यांच्या संबंधांतून घडते. आणि कॅनडियन प्रवाशाची प्रतिमा तर स्वतंत्रपणे घडलेली नसून ती अमेरिकन प्रतिमेची उलट बाजू आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, गर्विष्ठ व असंस्कृत प्रवाशाची भूमिका युरोपच्या रंगभूमीवर अमेरिकनांच्या आधी इंग्रजांनी वठविली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्र इंग्लंड होते. टॉमस कुक याने आगगाडीच्या आधारे सामुदायिक सहली सुरू केल्या आणि मध्यम वर्गातील इंग्रज स्त्रीपुरुष थव्याथव्यांनी आल्प्स व इटलीकडे जाऊ लागले. त्यांच्यावर सर्वांत कडवट टीका इटालियनांनी नव्हे, तर इंग्रज सरकारच्याच एका अधिकाऱ्याने केली. चार्ल्स लीव्हर हा आयरिश कादंबरीकार त्या वेळी स्पेझिया येथे उपवकील होता. त्याने १८६५ साली ‘ब्लॅकवुड्स मॅगझीन’मध्ये टोपणनावाने लिहून कुकच्या प्रवाशांची कळपांशी तुलना केली. इतकेच नव्हे, तर ऑस्ट्रेलियाने नाकारलेले कैदी इंग्लंड आता इटलीत आणून सोडीत आहे, अशी कंडीही त्याने थट्टेने पिकविली.

मोठा आवाज, घोळक्याने हिंडणे, स्थानिक भाषेचे अज्ञान, प्रत्येक वस्तूची किंमत विचारणे हे जे दोष पुढे अमेरिकनांना चिकटले, ते सर्व त्या काळच्या इंग्रज प्रवाशाच्या व्यंगचित्रात आढळतात. संपत्ती एका राष्ट्राकडून दुसऱ्याकडे गेली, तेव्हा व्यंगचित्रही तिच्यामागोमाग गेले. लीव्हरच्या उदाहरणातून दुसरीही एक गोष्ट दिसते. प्रवाशाची निंदा पुष्कळदा त्याचेच देशबांधव करतात, आणि तिच्या मुळाशी नव्याने प्रवास करू लागलेल्या वर्गाविषयी जुन्या प्रवासी वर्गाला वाटणारा तिटकारा असतो.

३

अमेरिकन प्रवाशाच्या प्रतिमेचा इतिहास या दुसऱ्या गोष्टीस पुष्टी देतो. जून १८६७ मध्ये ‘क्वेकर सिटी’ ही आगबोट न्यूयॉर्कहून भूमध्य समुद्र व पवित्र भूमी यांच्या सफरीस निघाली. तीवरील प्रवाशांत मार्क ट्वेन होता. त्याचा ‘द इनोसंट्स अब्रॉड’ हा ग्रंथ १८६९ साली प्रसिद्ध झाला आणि अतिशय खपला. वाटाड्यांना खुळे प्रश्न विचारून भंडावणारे आणि पुरातन वास्तूंचे तुकडे आठवण म्हणून फोडून नेणारे प्रवासी त्याने निर्दयपणे रंगविले. हेन्री जेम्सच्या ‘डेझी मिलर’ या १८७८ च्या कथेतही हाच प्रकार दिसतो. रोममध्ये मोकळेपणाने वागणाऱ्या अमेरिकन तरुणीस वाळीत टाकतात ते रोमन लोक नव्हेत. तेथे स्थायिक झालेले सभ्य अमेरिकनच तिला दूर सारतात. अमेरिकनांची जी प्रतिमा पुढे जगभर पसरली, तिचा बराचसा भाग अशा रीतीने अमेरिकनांनी स्वतःच घडविलेला आहे.

परंतु या प्रतिमेची धार केव्हा तीव्र होते आणि केव्हा बोथट, हे पैशाच्या भावावर अवलंबून असते. पहिल्या महायुद्धापूर्वी एका डॉलरला पाचांहून किंचित अधिक फ्रँक मिळत. युद्धानंतर फ्रान्सचे चलन घसरत गेले आणि जुलै १९२६ मध्ये एका डॉलरला सुमारे ५० फ्रँक मिळू लागले. सामान्य अमेरिकनही पॅरिसमध्ये श्रीमंतासारखा राहू शकला. त्याच महिन्यात पॅरिसच्या रस्त्यांवर परदेशी प्रवाशांच्या मोटारगाड्यांभोवती जमाव जमून त्यांची हुर्यो उडविल्याचे प्रकार घडले. पुढे प्वँकारे यांच्या सरकारने चलन सावरले व भाव २५ फ्रँकच्या आसपास स्थिर झाला, तेव्हा हा क्षोभ ओसरला. दोनचार महिन्यांत अमेरिकन प्रवाशांचा स्वभाव पालटला होता असे मानण्यास आधार नाही. पालटला होता तो फ्रँकचा भाव. त्या गाड्यांत कोणी कॅनडियन बसलेले असतील, तर जमावाने त्यांनाही अमेरिकनच गणले असणार.

४

मार्क ट्वेनची आगबोट भूमध्य समुद्राच्या तोंडाशी असतानाच, १ जुलै १८६७ रोजी, कॅनडाचे डोमिनियन अस्तित्वात आले. या नव्या राष्ट्राच्या प्रवाशाची प्रतिमा मात्र त्यानंतर कित्येक दशके घडलीच नाही. याचे एक कारण संख्येचे आहे. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा संयुक्त संस्थानांच्या सुमारे एकदशांश होती आणि आजही प्रमाण फारसे निराळे नाही. दुसरे कारण कायद्याचे आहे. कॅनडाचा नागरिकत्वाचा कायदा १ जानेवारी १९४७ रोजी अंमलात आला. तोपर्यंत कॅनडाचा रहिवासी परदेशात ब्रिटिश प्रजाजन म्हणूनच वावरत होता. तो बोलू लागला की अमेरिकन वाटे, आणि कागदपत्रे दाखविली की इंग्रज ठरे.

अर्थात शेजाऱ्याकडे पाहून स्वतःची ओळख ठरविण्याची सवय या भूमीत जुनी होती. नोव्हा स्कोशियातील न्यायाधीश टॉमस हॅलिबर्टन याने १८३६ साली ‘द क्लॉकमेकर’ या पुस्तकात सॅम स्लिक हा बढाईखोर व कावेबाज यांकी घड्याळविक्या उभा केला. त्याच्या तोंडून लेखकाने आपल्या प्रांतबांधवांच्या आळसावर कोरडे ओढले हे खरे. परंतु यांकी म्हणजे बडबड्या आणि आपण म्हणजे शांत, ही जोडीही त्यातून पक्की झाली. १८४२ साली चार्ल्स डिकन्सने दोन्ही देश पाहिले. संयुक्त संस्थानांतील गुलामगिरी, वृत्तपत्रे आणि तंबाखूची पिचकारी यांवर त्याने सडकून टीका केली. कॅनडाविषयी मात्र तो सौम्यपणे लिहितो. अमेरिकन प्रकाशक त्याची पुस्तके मोबदला न देता छापीत होते व त्याविरुद्ध तो झगडत होता, आणि कॅनडा ही इंग्लंडची निष्ठावंत वसाहत होती, या दोन गोष्टी या भेदाचा विचार करताना दृष्टीआड करता येत नाहीत.

कॅनडियन प्रवाशाच्या अदृश्यतेचा उत्तम साक्षीदार म्हणजे सारा जेनेट डंकन ही लेखिका. ओंटारिओ प्रांतातील ब्रँटफर्ड येथे १८६१ साली जन्मलेल्या या बाईंनी १८८८ मध्ये जगप्रवास आरंभिला, कलकत्त्यातील एका इंग्रज अधिकाऱ्याशी पुढे विवाह केला आणि आयुष्याचा मोठा भाग कलकत्ता व सिमला येथे घालविला. १८९१ साली त्यांनी लंडनमधील प्रवासी तरुणीवर कादंबरी लिहिली. पण तिची नायिका कॅनडियन नसून शिकागोची आहे. लंडनमधील कॅनडियन मुलीस नायिकापद मिळाले ते सतरा वर्षांनी, १९०८ च्या ‘कझिन सिंड्रेला’ या कादंबरीत. श्रीमंत अमेरिकन कन्येभोवती समाज घोटाळतो आणि वसाहतीतील नातलग मात्र दुर्लक्षित राहतात, हा अर्थ त्या शीर्षकातच आलेला आहे. ज्याची दखलच घेतली जात नाही त्याच्या दोषांचीही कोणी मोजदाद करीत नाही. पुढे कॅनडियनांच्या सौजन्याची जी ख्याती झाली, तिची पूर्वपीठिका ही आहे.

५

दोन महायुद्धांत कॅनडाचे लक्षावधी तरुण सैनिक म्हणून इंग्लंडमध्ये राहिले. सैनिक हा पर्यटक नव्हे. तथापि परक्या देशातील सामान्य माणसाचे वर्तन मोठ्या प्रमाणावर पाहण्याची संधी या काळानेच दिली. मार्च १९१९ मध्ये वेल्समधील किनमेल पार्कच्या छावणीत मायदेशी नेणारी जहाजे लांबणीवर पडल्यामुळे कॅनडियन सैनिकांनी दंगल केली आणि तीत पाच जण मृत्युमुखी पडले. जुलै १९४५ मध्ये ऑल्डरशॉट गावात त्याच कारणाने लागोपाठ दोन रात्री कॅनडियन सैनिकांनी दुकानांच्या काचा फोडल्या. उपजत विनयशीलतेच्या सिद्धांतास या दोन्ही घटना अडचणीच्या आहेत.

याच सुमारास, १९४२ साली, अमेरिकेच्या युद्धखात्याने ब्रिटनमध्ये येणाऱ्या आपल्या सैनिकांसाठी एक पुस्तिका छापली. बढाई मारू नका, पैसे उधळू नका, यजमानांनी सोसलेल्या बाँबवर्षावाची व टंचाईची जाण ठेवा, असा उपदेश तीत होता. अमेरिकन सैनिकाचा पगार ब्रिटिश सैनिकापेक्षा बराच जास्त होता आणि इंग्रजांच्या रोषाचे ते एक उघड कारण होते. कॅनडियन सैनिकाचा पगारही ब्रिटिश सैनिकापेक्षा अधिकच होता. परंतु तो डिसेंबर १९३९ मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या दोन वर्षे आधी, तेथे पोहोचला होता. ऑल्डरशॉटच्या नगरपालिकेने दंगलीनंतर तीनच महिन्यांच्या आत, सप्टेंबर १९४५ मध्ये, कॅनडाच्या सैन्यास नगराचा सन्माननीय नागरिकत्वाचा मान अर्पण केला. फुटलेल्या काचा विसरल्या गेल्या. आप्त मानलेल्या पाहुण्याचा अपराध पोटात घातला जातो, आणि ज्याच्या वैभवाने यजमान दिपलेला असतो त्याचा क्षुल्लक दोषही राष्ट्राच्या नावे जमा होतो.

६

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सत्ता, सैन्य, डॉलर आणि प्रवासी हे चारही एकाच वेळी जगभर पोहोचले. ऑक्टोबर १९५८ मध्ये न्यूयॉर्क व पॅरिस यांच्या दरम्यान पॅन अमेरिकन कंपनीची बोइंग ७०७ जेट विमाने सुरू झाली. त्याच वर्षी लेडरर व बर्डिक यांचे ‘द अग्ली अमेरिकन’ हे पुस्तक निघाले. हे शीर्षक म्हणजे बेमुर्वत अमेरिकन पर्यटकाचे जणू उपनावच होऊन बसले आहे. प्रत्यक्षात त्या पुस्तकाचा विषय पर्यटक नसून आग्नेय आशियातील एका काल्पनिक देशात काम करणारे मुत्सद्दी व अधिकारी हा आहे. आणि ज्यास ‘कुरूप’ म्हटले आहे तो होमर ॲटकिन्स हा इंजिनिअर केवळ चेहऱ्याने कुरूप असून खेडुतांबरोबर राबणारा, त्यांच्याकडून शिकणारा सज्जन आहे. मूळ अर्थाच्या नेमका उलट अर्थ रूढ व्हावा, यावरून जग त्या शब्दाची वाटच पाहत होते असे दिसते. हे पुस्तकही अमेरिकनांनीच लिहिलेले होते, हे येथे पुन्हा नमूद केले पाहिजे.

याच काळात कॅनडास परदेशात ओळखले जाण्याची निकड प्रथमच भासू लागली. १९५६ च्या सुवेझ प्रकरणी लेस्टर पिअर्सन यांनी संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैन्य पाठविण्याची योजना पुढे मांडली व तीबद्दल त्यांना १९५७ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. परंतु कॅनडाने ‘क्वीन्स ओन रायफल्स’ ही पलटण पाठविण्याचे ठरविताच इजिप्तने हरकत घेतली. पलटणीचे नाव राणीचे, गणवेश इंग्रजी धर्तीचा आणि कॅनडाच्या त्या वेळच्या निशाणाच्या कोपऱ्यात ब्रिटिश ध्वज. मग आक्रमक आणि शांतिदूत यांतील भेद इजिप्तच्या नागरिकाने ओळखावा कसा? ती पलटण गेली नाही. याच पिअर्सन यांच्या पंतप्रधानकीत, १५ फेब्रुवारी १९६५ रोजी, मॅपलच्या लाल पानाचा नवा ध्वज उभारला गेला.

ज्या गैरसमजाच्या निवारणासाठी हे निशाण हवे होते तो मुळात इंग्रजांशी होणारा गैरसमज होता. ते हाती आल्यावर मात्र त्याचा उपयोग दुसऱ्याच कामी झाला. त्या सुमारास अमेरिकेचे व्हिएतनाममधील युद्ध तीव्र होत होते व कॅनडाने तेथे लढाऊ फौज धाडली नव्हती. युरोपात पाठीवर पिशवी घेऊन हिंडणारे कॅनडियन तरुण त्या पिशवीवर मॅपलचे पान शिवू लागले. ‘मी कॅनडियन आहे’ या विधानात ‘मी अमेरिकन नाही’ हे विधान दडलेले होते, आणि ऐकणाऱ्यास पुष्कळदा त्या दुसऱ्याच विधानाचे महत्त्व अधिक वाटे.

७

निरुपद्रवीपणाची ख्याती हे एक चलन आहे, आणि चलन म्हटले की नकली नाणेही आलेच. जानेवारी १९८० मध्ये तेहरानमधून सहा अमेरिकन राजनैतिक कर्मचाऱ्यांची सुटका झाली ती कॅनडाच्या पारपत्रांच्या आधारे, चित्रपटाच्या कामासाठी आलेले कॅनडियन असे सोंग घेऊन. त्यांना आश्रय देण्यात कॅनडाचे राजदूत केन टेलर यांनी पत्करलेला धोका सर्वश्रुत आहे. परंतु त्याच ख्यातीचा काळा उपयोगही झाला. १९४० साली मेक्सिकोत ट्रॉट्स्कीची हत्या करणारा रामोन मर्कादेर नकली कॅनडियन पारपत्रावर तेथे आला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांचा मारेकरी जून १९६८ मध्ये लंडनच्या विमानतळावर पकडला गेला तेव्हा त्याच्याजवळ कॅनडाचेच पारपत्र होते; ते मिळविण्याचे नियम किती सैल होते हे त्यामुळे उघडकीस आले. १९९७ साली अम्मान येथे हमासचे नेते खालिद मशाल यांच्यावर विषप्रयोग करणारे इस्रायली हेर कॅनडियन म्हणून वावरत होते, आणि कॅनडाने निषेध म्हणून इस्रायलमधील आपला राजदूत परत बोलाविला. यांपैकी कोणाच्याही वर्तनाचा कॅनडाच्या जनतेशी संबंध नव्हता. कोणाचेही लक्ष न वेधणारी ओळख त्यांना हवी होती, आणि ती या राष्ट्राच्या नावात मिळाली.

सामान्य पर्यटकांनीही याचे अनुकरण केले. २००३ मध्ये इराकवरील स्वारीत कॅनडा सामील झाला नाही. २००४ साली न्यू मेक्सिकोतील एका व्यापाऱ्याने अमेरिकन प्रवाशांसाठी मॅपलच्या पानाचा सदरा व कॅनडियनाप्रमाणे बोलण्याची मार्गदर्शिका असा संच विक्रीस काढला. हा व्यवहार विनोदाचा खरा. परंतु सदरा बदलल्याने यजमानाची वागणूक बदलेल, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

८

प्रतिमा पाहणाऱ्याच्या स्थानाबरोबर बदलते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा फ्लॉरिडात मिळतो. हिवाळ्यात क्वेबेक व ओंटारिओ येथील असंख्य लोक तेथे मुक्कामास जातात. तेथील उपाहारगृहांतील नोकरवर्गात कॅनडियन पाहुणा विनयासाठी नव्हे, तर बक्षिसीच्या बाबतीतील चिकटपणासाठी प्रसिद्ध आहे, आणि त्यावर एक कोटीही प्रचलित आहे : कॅनडियन आणि होडी यांत फरक काय, तर होडी कधीतरी कलते. इंग्रजीत ‘टिप’ या एकाच शब्दाने कलणे आणि बक्षिसी देणे हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. क्वेबेकमधील ‘ला फ्लोरिडा’ या १९९३ च्या लोकप्रिय चित्रपटाने तर तेथील आपल्याच लोकांची यथेच्छ थट्टा केली. जेथे कॅनडियन संख्येने मोठा आहे आणि ज्याच्या आड तो अदृश्य होत असे तो अमेरिकन स्वतःच यजमान आहे, तेथे कॅनडियनाच्या वाट्यासही पर्यटकाचे नेहमीचे दुर्गुण येतात.

हिंदुस्थानातील साक्षही अशीच आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. इंग्रज प्रवाशांना जे लोक असंस्कृत वाटले होते, तेच साम्राज्याखाली पिचलेल्या देशातून आलेल्या या विदुषीस स्वावलंबी, संघटनशील व स्त्रीशिक्षणाचे कैवारी वाटले; त्यांचे दोष दाखविण्यासही त्या कचरल्या नाहीत. याउलट १९१४ साली ‘कोमागाटा मारू’ जहाजातून ३७६ हिंदी प्रवासी, बहुतेक पंजाबी, व्हँकुव्हरच्या बंदरात पोहोचले. दोन महिने त्यांना जहाजावरच अडकवून ठेवण्यात आले आणि बहुतेकांना परत धाडण्यात आले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी यासाठी लोकसभेत औपचारिक क्षमा मागितली ती २०१६ साली. जालंदर व अमृतसर जिल्ह्यांतील त्या काळच्या कुटुंबांस कॅनडियन सौजन्याविषयी विचारले असते, तर त्यांनी निराळेच उत्तर दिले असते.

स्वतः मार्क ट्वेनचा अनुभवही बोलका आहे. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईस आला. हॉटेलात एका जर्मनाने हिंदी नोकरास मारलेली चपराक पाहून त्याला आपल्या बालपणीच्या दक्षिणेतील गुलाम आठवले, असे त्याने १८९७ च्या प्रवासग्रंथात नमूद केले आहे. तीस वर्षांपूर्वी सहप्रवाशांची थट्टा करणाऱ्या या लेखकाने येथे परदेशातील क्रौर्यात स्वदेशाचे क्रौर्य ओळखले.

९

या विवेचनावरून असे दिसते की, उद्धट अमेरिकन ही प्रतिमा एका प्रबळ राष्ट्राच्या पैशाची व सत्तेची प्रवाशाच्या अंगावर पडलेली सावली आहे, आणि तिला बोलके रूप अमेरिकनांच्याच आत्मपरीक्षणाने दिले. विनयशील कॅनडियन ही प्रतिमा त्या सावलीबाहेर उभे राहण्याच्या सोयीतून उपजली. पहिलीने असंख्य सभ्य प्रवाशांवर अन्याय केला. दुसरी वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु तिच्यामुळे कॅनडाच्या समाजास स्वतःचे दोष न तपासण्याची सवलत मिळत आली. ज्याची निंदा होते त्याला निदान आरशात पाहावे लागते. ज्याची स्तुती शेजाऱ्याच्या निंदेवर उभी आहे त्याच्यावर तो प्रसंगच येत नाही.

२०२५ साली या जुन्या जोडीस नवे वळण लागले. कॅनडा हे संयुक्त संस्थानांचे एक्कावन्नावे संस्थान व्हावे अशी भाषा अमेरिकेच्या अध्यक्षांनी केली, आयात मालावर जादा कर लादले, आणि कॅनडियनांनी शेजारच्या देशातील सहली मोठ्या प्रमाणावर रद्द केल्या. परदेशी हिंडणारे काही अमेरिकन पुन्हा मॅपलचे पान लावू लागल्याच्या वार्ताही त्या वर्षी आल्या. दोन्ही राष्ट्रांतील माणसे आदल्या वर्षी होती तीच होती. राष्ट्रांमधील संबंध बिघडताच प्रवाशाच्या वेशासही पुन्हा अर्थ आला. म्हणून राष्ट्रस्वभावाची प्रमाणे प्रवाशांच्या वर्तनात शोधणाऱ्या अभ्यासकाने प्रथम त्या वर्षीचा चलनाचा भाव, त्या वर्षीची युद्धे आणि पाहणारा कोणत्या बाजूस उभा आहे, या तीन गोष्टी तपासून पाहणे इष्ट होय.